दोन दुर्बिणींच्या मधले आतडे

"वरून दुर्बीण घालून पाहिली, खालूनही पाहिली. दोन्ही रिपोर्ट चांगले आहेत."

हे ऐकून नातेवाइकांना हायसे वाटते. खाटेवरच्या बाईचे हिमोग्लोबिन मात्र सहावर असते. तीन महिन्यांपूर्वी रक्त चढवले तेव्हाही ते सहाच होते. अधूनमधून पोटात कळ येते, जेवण झाले की बेंबीभोवती मुरडा पडतो, थोडी उलटी झाली की बरे वाटते. घरचे म्हणतात, "काही नाही जी, अशक्तपणा आहे." ही कहाणी कुणा एका बाईची नाही. लहान आतड्यात गाठ असलेले बरेच रुग्ण याच वाटेने चालत असतात, आणि त्या वाटेवर महिनेच्या महिने निघून जातात.

दोन्ही दुर्बिणी खोटे बोलत नाहीत. त्या पोचतात तिथवरचेच सांगतात. तोंडातून घातलेली दुर्बीण अन्ननलिका आणि जठर ओलांडून आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, पहिल्या वळणापर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण सगळे मोठे आतडे पाहते, आणि डॉक्टरांचा हात सराईत असेल तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात काही सेंटिमीटर डोकावते. या दोन टोकांच्या मधे वेटोळे घालून बसलेले जे काही मीटर आतडे उरते, ते दोघींनाही दिसत नाही.

आश्चर्य असे की या एवढ्या लांब अवयवात कर्करोग फार क्वचित होतो. पचनमार्गाच्या लांबीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लहान आतड्याचा, आतल्या अस्तराचे नव्वद टक्के क्षेत्रफळही त्याचेच. तरी पचनमार्गाच्या शंभर कर्करोगांत लहान आतड्याचे पाचही भरत नाहीत. असे का, याची काही कारणे सांगितली जातात. इथले अन्न पातळ असते आणि झपाट्याने पुढे सरकते, त्यामुळे अपायकारक द्रव्ये अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाहीत. मोठ्या आतड्याच्या मानाने जंतू कमी. अस्तराच्या पेशी काही दिवसांतच गळून पडतात आणि नव्या येतात, म्हणून बिघडलेली पेशीही बऱ्याचदा गळूनच जाते. शिवाय शेषांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचे जाळे दाट पसरलेले असते.

दुर्मीळ असणे हे रोग्याच्या दृष्टीने भाग्याचे नाही. जो आजार डॉक्टरने आयुष्यात मोजक्या वेळा पाहिला, त्याची शंका त्याला सहजी येत नाही. वर्धा जिल्ह्यात तर या गाठीला लपायला भरपूर आडोसा आहे. आर्वी, आष्टी, कारंजापासून हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत कोणत्याही आरोग्य केंद्रात उभे राहिले तर बायकांमधला रक्तक्षय ही रोजची गोष्ट. विदर्भात सिकलसेल आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाचे पोट दुखणे ही नेहमीची तक्रार. जंत आहेत, वेदनाशामक गोळ्यांनी झालेले जठराचे व्रण आहेत. रक्त कमी असायला एवढी ओळखीची कारणे समोर असताना अनोळखी कारणाकडे नजर वळायची कशी?

त्यात लोहाच्या गोळ्यांची एक अडचण असते. आतड्यातल्या गाठीतून हळूहळू रक्त झिरपत असेल तर शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. पण रक्त वाढवायला दिलेल्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळसर होतोच. बाईला गोळ्या देताना तसे सांगितलेलेही असते. मग खरे रक्त जाऊ लागले तरी ती ते गोळ्यांच्या खात्यावर जमा करते आणि कुणाजवळ बोलत नाही. चांगला डॉक्टर म्हणूनच नुसते "संडास काळी होते का?" असे विचारून थांबत नाही. चिकट होते का, वास वेगळा येतो का, गोळ्या बंद असतानाही झाली होती का, हेही विचारतो. दोन मिनिटांची ही चौकशी कधीकधी महागड्या तपासणीच्या तोडीची ठरते.

दुसरा आणि मोठा आडोसा क्षयरोगाचा. आपल्याकडे आतड्याचा क्षय मुख्यतः लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते तिथे, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला होतो. तिथे गोळा लागतो, आतडे अरुंद होते, वजन उतरते, संध्याकाळी कणकण येते. शेषांत्रातली गाठही तिथेच, तशीच. सीटी स्कॅनच्या चित्रावरही दोहोंत गल्लत होऊ शकते. भारतात आधी क्षयाची शंका घेणे बरोबरच आहे, कारण तो कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो. चूक होते ती पुढे. तुकडा न तपासता अंदाजाने औषधे सुरू होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी वजन वाढले का, गोळा विरघळला का, हे कुणी पाहत नाही. क्षयाची औषधे लागू पडत असतील तर तेवढ्या काळात फरक दिसू लागतो. तो दिसला नाही तर निदानाचा कागद पुन्हा उघडायला हवा. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबणे गाठीच्या पथ्यावर पडते.

सुदैवाने या जिल्ह्यात तो कागद उघडायला दूर जावे लागत नाही. वर्ध्याच्या माणसाला "सेवाग्रामला दाखवलं" किंवा "सावंगीला नेलं" एवढे म्हटले की पुरते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे. त्याच्या आधाराने गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सावंगी मेघे येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० सालचे, आणि त्याचे रुग्णालय आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचे. सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांनी गावोगाव आरोग्य विम्याची एक योजना चालवली. तिच्यात शेतकऱ्याचा हप्ता ज्वारीच्या रूपात घेतला जाई. ती योजना इथे आठवण्याचे कारण आहे. लहान आतड्याच्या गाठीचे निदान एका फेरीत होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी दवाखान्यात यायचे बळ रोग्याच्या खिशात असेल तरच ते होते.

सोनोग्राफी स्वस्त आणि जवळची. पण आतड्यात हवा असते, आणि हवेपलीकडचे तिला नीट दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी निर्मळ आली तरी शंका मिटत नाही. सीटी स्कॅनमध्येही फरक आहे. नेहमीचा स्कॅन काढला तर मिटलेल्या आतड्याच्या घड्यांत लहान गाठ हरवते. त्यासाठी रोग्याला तासाभरात दीड-दोन लिटर विशिष्ट द्रव पाजून आतडे फुगवतात, शिरेतून रंगद्रव्य देतात, आणि मग चित्रे घेतात. ताणलेल्या भिंतीवर गाठ उठून दिसते.

काही वेळा गाठ स्वतः दिसण्याआधी तिची करामत दिसते. आतडे अन्नाला पुढे ढकलते तसे आत लोंबणाऱ्या गाठीलाही ढकलते, आणि ती गाठ आपल्यामागे आतड्याची भिंतच ओढून घेते. आतडे आतड्यात शिरते. स्कॅनमध्ये तो भाग आडव्या कापलेल्या कांद्यासारखा, वेढ्यात वेढा दिसतो. लहान मुलांत असे बऱ्याचदा गाठीविना घडते आणि हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने सुटतेही. मोठ्या माणसात घडले तर मात्र पुढच्या टोकाला काहीतरी आहे असे धरूनच शल्यचिकित्सक पोट उघडतो.

एका आनुवंशिक आजारात हे पुन्हा पुन्हा घडते, आणि त्याची खूण चेहऱ्यावर असते. ओठांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला काळसर-तपकिरी ठिपके, कधी बोटांवरही. डच डॉक्टर पॉइट्झ यांनी १९२१ साली एका कुटुंबात हे पाहिले. पुढे अमेरिकेतल्या जेगर्स यांनी १९४९ साली असे रुग्ण एकत्र मांडले, आणि दोघांची नावे आजाराला मिळाली. अशा मुलांच्या आतड्यात मांसल कोंब वाढतात. शाळेतल्या पोराचे पोट वारंवार दुखत असेल आणि ओठांवर ठिपके असतील, तर ते ठिपके जन्मखूण म्हणून सोडून देऊ नयेत. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या लहान आतड्याची तपासणी सुरू करावी असे आजचे वैद्यक सांगते.

आता त्या न दिसणाऱ्या मधल्या आतड्याकडे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते आतून पाहायचे तर पोट उघडण्यावाचून फारसा इलाज नव्हता. इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांवर काम करणारे अभियंता गाव्रिएल इद्दान यांच्या डोक्यात आले की कॅमेरा ढकलत नेण्याऐवजी रोग्यालाच गिळायला द्यावा. २००० साली 'नेचर' नियतकालिकात या कॅप्सूलची माहिती आली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. साधारण सव्वा इंचाहून कमी लांबीची ही कॅप्सूल आठ-एक तास आतड्यासोबत वाहत जाते, सेकंदाला दोन या हिशेबाने पन्नास हजारांहून अधिक चित्रे कमरेच्या पट्ट्यावरच्या यंत्राला पाठवते, आणि शेवटी शौचावाटे निघून जाते. त्या चित्रांत गाठ कदाचित दोन-चारच ठिकाणी ओझरती दिसते. डॉक्टरांना संगणकासमोर बसून ती शोधावी लागते. आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. क्षयाने आतडे कुठे अरुंद झाले असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते, आणि तपासणीसाठी गिळलेली वस्तू काढायला शस्त्रक्रिया करायची वेळ येते. म्हणून पोट फुगणे आणि उलट्या असलेल्या रोग्याला आधी स्कॅन, मग कॅप्सूल.

कॅप्सूल पाहते, पण तुकडा काढू शकत नाही. ते काम जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ साली मांडलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने होते. एक फुगा आतडे धरून ठेवतो, दुसरा पुढे जातो. नाडीत दोरी ओवताना कापड चुण्या घालत मागे सारावे, तसे आतडे दुर्बिणीवर चुणत आणले जाते. ही सोय मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांत असते.

लहान आतड्याच्या गाठींत मुख्य चार जाती, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. अस्तरापासून होणारा कर्करोग आद्यांत्रात अधिक. लसिका पेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, शेषांत्रात अधिक. त्याच्या उपचारात औषधांचा वाटा मोठा असतो, म्हणून आतडे फाटले, अडले किंवा रक्तस्राव थांबत नसला तरच बहुधा सुरी लागते. लिम्फोमाचा एक प्रकार तर गरीब वस्त्यांत, अस्वच्छ पाणी-अन्नातल्या जंतूंच्या सततच्या माऱ्यातून होतो, आणि अगदी सुरुवातीला सापडला तर साध्या प्रतिजैविकाने मागे हटतो. कर्करोगाच्या शास्त्रात असे फार थोड्या ठिकाणी घडते. उरलेल्या दोन जातींची गोष्ट अधिक खोलात जाण्यासारखी आहे.

तिसऱ्या जातीकडे एका जुन्या शस्त्रक्रियेच्या वाटेने जाऊ. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याच्या एका कैद्याचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढले जात होते. कैदी महात्मा गांधी, शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक. बाहेर वादळ सुरू झाले, वीज गेली, हातातली विजेरीही विझली, आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. बारा वर्षांनी हेच गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि ते गाव सेवाग्राम झाले. त्या रात्रीचा आजार साधा आंत्रपुच्छदाहाचा होता. पण काढलेले प्रत्येक आंत्रपुच्छ विकृतिशास्त्र विभागाकडे का पाठवायचे, याचे कारण याच अवयवात आहे. दर दोनशे-तीनशे शस्त्रक्रियांत एखाद्याच्या टोकाशी पिवळसर, कठीण, वाटाण्याएवढी गाठ निघते, जिची शल्यचिकित्सकाला कल्पनाही नसते. म्युनिकच्या झीगफ्रीड ओबरन्डॉर्फर यांनी १९०७ साली लहान आतड्यातल्या अशा गाठींना 'कार्सिनॉइड' म्हणजे कर्करोगासारख्या असे नाव दिले. त्या निरुपद्रवी आहेत असे त्यांना वाटले होते. पण १९२९ साली त्यांनीच आपले मत दुरुस्त केले, की या पसरूही शकतात. पहिल्यांदा आपण केलेले वर्णन आपणच सुधारणे, तेही बावीस वर्षांनी, याला मोठे मन लागते.

आज या गाठींना न्यूरोएन्डोक्राइन म्हणतात. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपला आजार जाहीर केला तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. आंत्रपुच्छातली एक सेंटिमीटरहून लहान गाठ ते काढल्यानेच संपते. दोन सेंटिमीटरहून मोठी निघाली तर मोठ्या आतड्याची उजवी बाजूही काढावी लागते. शेषांत्रातली गाठ मात्र तुरीच्या दाण्याएवढी असूनही शेजारच्या लसिकाग्रंथींत पसरलेली असू शकते. ती यकृतात पोचली तर तिने सोडलेली रसायने अंगभर जातात. चेहरा अचानक लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत. चाळिशी-पन्नाशीतली बाई असेल तर हे पाळी जाण्याच्या खात्यावर टाकले जाते. अशा रोग्याला भूल देताना रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, म्हणून ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन भूलतज्ज्ञाच्या हाताशी तयार असावे लागते.

याच गाठींच्या उपचारात महाराष्ट्राच्या भूमीवर मोठे काम झाले आहे. या पेशींच्या पृष्ठभागावर एका संप्रेरकाची कुलपे असतात. त्या कुलपात बसणाऱ्या किल्लीला गॅलियम जोडले की स्कॅनमध्ये गाठी चमकतात, आणि ल्युटेशियम-१७७ जोडले की त्याचा किरणोत्सर्ग गाठींना आतून मारतो. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव अणुभट्टीत तयार होते, आणि परळला टाटा रुग्णालयाच्या आवारातल्या किरणोत्सारी वैद्यक केंद्रात रोग्याला दिले जाते.

चौथी जात 'जिस्ट'. आतड्याला ठेका देणाऱ्या काही पेशी त्याच्या भिंतीत असतात, काहाल नावाच्या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. त्यांच्या कुळातली ही गाठ अस्तरातून न उगवता भिंतीतून बाहेर वाढते. त्यामुळे आतडे न अडवता ती नारळाएवढी होऊ शकते, आणि पहिली तक्रार रक्त जाण्याची असते. १९९८ साली ओसाकाच्या हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठीत एका जनुकाचा बिघाड दाखवला. इमॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगासाठी बनलेले औषध नेमके तिथेच बोट ठेवत होते. २००० साली हेलसिंकीतल्या एका रुग्णाला ते दिले, आणि केमोथेरपीला कधी न बधलेली गाठ विरू लागली.

औषध होते, पण किंमत महिन्याला लाखावर. नोव्हार्टिसच्या 'ग्लिवेक'ला, म्हणजे याच इमॅटिनिबला, भारतात पेटंट मिळू नये म्हणून मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन वर्षानुवर्षे लढली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचा दावा फेटाळला. भारतीय कंपन्यांचे तेच औषध महिन्याला आठ-दहा हजारांत मिळत राहिले, पुढे आणखी उतरले. देवळी किंवा सेलू तालुक्यातला कापूस उत्पादक शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज एक गोळी घेऊ शकतो, त्यामागे हा निकाल उभा आहे.

या सगळ्या नव्या ज्ञानाच्या मधोमध शस्त्रक्रिया मात्र जुन्या हाताची राहिली आहे. पोट उघडल्यावर शल्यचिकित्सक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सगळे आतडे वरच्या टोकापासून खालपर्यंत बोटांतून फिरवतो. जपमाळ ओढावी तसे, इंच न् इंच. कारण न्यूरोएन्डोक्राइन गाठी चारांपैकी एका रोग्यात एकाहून अधिक असतात, आणि स्कॅनला न दिसलेली मसुरीएवढी गाठ बोटाला कळते. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणारेही यासाठी छोटा छेद घेऊन आतडे बाहेर आणतात. कर्करोग असेल तर गाठीच्या दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे आणि त्याला रक्त पुरवणारा पंख्यासारखा पडदा, ग्रंथींसकट, त्रिकोणी कापून काढतात. निदान आठ ग्रंथी तरी तपासायला मिळाव्यात अशी अपेक्षा असते. जिस्टमध्ये ग्रंथींची गरज बहुधा नसते, पण गाठ फुटता कामा नये. तिचे कवच पातळ असते. फुटली तर पोटभर बी पेरल्यासारखे होते.

मग दोन टोके जोडायची. टोकांचा रंग गुलाबी आहे ना, कडेची नाडी उडते ना, हे पाहूनच टाका पडतो. कुणी हाताने शिवतो, कुणी स्टेपलर वापरतो. पडद्यातली खिडकी बंद करायला विसरायचे नाही, नाहीतर तिच्यातून आतडे घुसून पुन्हा अडते. गाठ आद्यांत्रात, स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ असेल तर सगळेच बदलते. तिथे व्हिपल यांच्या नावाची, कित्येक तासांची शस्त्रक्रिया लागते, आणि ती रोजच्या सरावाच्या हातीच द्यावी.

पुढचे तीन-चार दिवस वॉर्डात एकच प्रश्न. सकाळच्या फेरीत डॉक्टर विचारतात, "काका, हवा सरली का?" नाकातली नळी, शिरेतले सलाइन, कोरडे पडलेले ओठ, आणि सगळ्या घराचे लक्ष त्या एका गोष्टीकडे. हवा सरली म्हणजे आतडे जागे झाले. मग पाणी, मग ताक, मग मऊ भात.

किती आतडे काढले हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असते, ते वाचावे. दोन मीटरहून कमी उरले असेल तर पोषणाचा प्रश्न गंभीर होतो. शेषांत्राचे शेवटचे टोक बरेचसे गेले असेल तर जीवनसत्त्व बी-१२ अन्नातून शोषले जात नाही, आणि त्याचे इंजेक्शन आयुष्यभर लागते. ते गावच्या आरोग्य केंद्रातही देता येते. पण नाही घेतले तर दोन-तीन वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, आणि तोवर आतड्याचे ऑपरेशन कुणाच्या ध्यानात नसते.

आणि एक वस्तू. काढलेली गाठ फॉर्मेलिनच्या बरणीतून प्रयोगशाळेत जाते. तिचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत बसवले जातात, काडेपेटीहून लहान. त्यांच्या पापुद्र्यांवर रंग चढवूनच ठरते की ही चारांपैकी कोणती, किती वेगाने वाढणारी, पुढे गोळी द्यायची, किरणे द्यायची की नुसते लक्ष ठेवायचे. ते ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात. नागपूरला किंवा मुंबईला दुसरा सल्ला घ्यायला निघालेल्या कुटुंबाला खिडकीवरचा तंत्रज्ञ ते छोट्या पाकिटात घालून देतो, सही घेतो आणि बजावतो, "फाइल हरवली तर दुसरी काढून देऊ. हे ब्लॉक हरवू नका." मुलगा पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो, आणि रात्रीच्या गाडीत झोपताना त्यावर हात ठेवून झोपतो.